उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर मॉडेल विमान पुन्हा पुन्हा कोसळत असेल तर

रेडिओ कंट्रोल मॉडेल विमाने उडवणाऱ्यांकडून एक तक्रार सतत ऐकू येते. विमान नीट उड्डाण करते, काही मिनिटे आकाशात छान फिरते आणि उतरवण्यासाठी शेवटचे वळण घेताना अचानक त्याचा एक पंख खाली जातो. बहुधा दर वेळी तोच पंख असतो. हातातल्या ट्रान्समीटरची स्टिक उलट दिशेला पूर्ण नेली तरी विमान ऐकत नाही आणि नाक खाली घालून जमिनीवर आदळते. मालक मोडलेले नाक चिकटवतो, प्रॉपेलर बदलतो, कधी कधी नवा रिसीव्हरही (ट्रान्समीटरच्या आज्ञा घेणारा विमानातला भाग) बसवतो, आणि थोड्याच दिवसांत विमान जवळपास त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा पडते. निदान मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेले असते : सिग्नल गेला.

या निदानामागे जुन्या काळाची सवय आहे. 35 किंवा 72 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या संचांच्या काळात एकाच मैदानावर दोघांनी एकच चॅनल चालू केले की त्यांपैकी एकाचे विमान हमखास खाली येई, आणि म्हणून आपल्या चॅनलची खूणचिठ्ठी फळ्यावर लावल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करायचा नाही, असा शिरस्ता असे. 2000 च्या दशकाच्या उत्तरार्धात 2.4 गिगाहर्ट्झचे संच सर्वत्र आले. त्यांत ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांची जोडी ‘बाइंड’ करून पक्की केलेली असते आणि बहुतेक संच क्षणाक्षणाला फ्रीक्वेन्सी बदलत राहतात, त्यामुळे दुसऱ्याच्या ट्रान्समीटरने आपले विमान पाडण्याचा प्रकार जवळजवळ संपला. सिग्नल तुटणे अजूनही शक्य आहे. पण तो नेमका उतरण्याच्या वळणावर, म्हणजे विमान आपल्यापासून तुलनेने जवळ असताना, दर वेळी तुटावा याला काहीतरी वेगळे कारण हवे. माझ्या मते अशा अपघातांपैकी बहुसंख्य अपघात सरळ सरळ स्टॉलचे, म्हणजे पंखाची उचलण्याची ताकद एकदम घटल्याचे, असतात. तरीही ते गृहीत धरून चालू नये, कारण याच वळणावर आणखी दोन कारणे हजर असतात : वीजपुरवठा कोसळणे आणि उडवणाऱ्याचा दिशाभ्रम. ही तिन्ही कारणे जमिनीवरून अगदी सारखी दिसतात, आणि ती वेगळी न करता सामान बदलत राहणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पडलेल्या विमानाजवळ गेल्यावर

विमान पडले की धावत जाऊन तुकडे गोळा करण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण सर्वांत उपयोगी पुरावा पहिल्या दोन-तीन मिनिटांतच मिळतो आणि उचलाउचलीत तोच नाहीसा होतो. थ्रॉटलची, म्हणजे मोटरच्या वेगाची, स्टिक खाली आहे याची खात्री करावी, प्रॉपेलरच्या फिरण्याच्या रेषेत हात नेऊ नये आणि बॅटरी काढण्यापूर्वी रिसीव्हरच्या दिव्याकडे एकदा पाहावे. काही रिसीव्हरमध्ये उड्डाणादरम्यान वीज क्षणभर खंडित होऊन परत आली असेल तर दिवा स्थिर न राहता लुकलुकत राहतो. बॅटरीची पिन सुटली की ही खूण कायमची पुसली जाते. मात्र लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी चेपली असेल, फुगली असेल किंवा तिच्यातून धूर येत असेल, तर दिव्याच्या नादी लागू नये. धूर येत असल्यास दूर व्हावे. नुसती चेपली असल्यास ती सोडवून जळणाऱ्या वस्तूंपासून लांब, उघड्यावर ठेवावी आणि बराच वेळ तिच्यावर लक्ष ठेवावे, कारण आत बिघडलेली लिपो आदळल्यानंतर काही वेळानेही पेट घेऊ शकते.

बॅटरी काढण्याआधी सुरक्षित वाटत असेल तर प्रत्येक स्टिक हळूच हलवून पाहावी. पंखांवरचे दोन एलेरॉन (विमान कलवणारे), शेपटीवरचा एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा) हे चारही पृष्ठभाग नीट हलत असतील तर रेडिओ कधीच बंद पडला नव्हता असे सिद्ध होत नाही, पण एखादा सर्व्हो (पृष्ठभाग हलवणारी छोटी मोटर) मेलेला असेल किंवा क्लेव्हिस (सर्व्होच्या काडीच्या टोकाची पकड) हॉर्नमधून (पृष्ठभागावरच्या भोकाच्या पट्टीतून) निसटलेला असेल तर तो इथेच सापडतो. निसटलेला क्लेव्हिस धडकेमुळे निसटला की आधीपासूनच सुटला होता, हे त्याच्या पिनेवरून आणि हॉर्नच्या भोकावरून बरेचदा ठरवता येते : धडकेत ओढला गेला असेल तर भोक फाटलेले किंवा पिन वाकलेली असते, आणि आधी सुटला असेल तर दोन्ही धड असतात.

मग जमिनीवरच्या खुणा पाहाव्यात. प्रॉपेलरची दोन्ही पाती मोडली असतील तर आदळताना मोटर फिरत होती असे समजायला हरकत नाही. एकच पाते मोडले किंवा एकही मोडले नाही तर ती बहुधा थांबलेली होती. पंखाच्या टोकाने मातीत ओढलेली रेघ आणि तिच्यापुढे नाकाचा खड्डा असेल, तर विमान कलत्या अवस्थेत आले होते. खड्डा उभा व खोल आणि शेपटी मात्र कडेला मुरगळून मोडलेली असेल, तर ते गिरक्या घेत खाली आले असण्याची शक्यता मोठी. उथळ कोनात, दोन्ही पंख समतल ठेवून लांब घसटत गेलेल्या विमानाचे कारण या लेखातल्या कारणांपेक्षा वेगळे असते. तिथे मोटर बंद पडणे किंवा एलिव्हेटर निकामी होणे आधी तपासावे.

स्टिक ऐकत नाही असे का वाटते

पंख समोरून येणाऱ्या हवेशी जो कोन करतो, तो एका मर्यादेपर्यंत वाढवला तर लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलणारे बल, वाढते. ही मर्यादा पंखाच्या छेदानुसार बदलते, पण ढोबळमानाने 12 ते 15 अंशांच्या आसपास असते. तिच्यापलीकडे हवेचा प्रवाह पंखाच्या वरच्या बाजूवरून सुटतो आणि लिफ्ट झपाट्याने घटते. हाच स्टॉल. इथे वेगापेक्षा कोन महत्त्वाचा आहे हे लक्षात ठेवले तर वळणातला अपघात लगेच उलगडतो. विमान 45 अंश कलवून उंची न गमावता वळवायचे झाल्यास पंखांना विमानाच्या वजनाच्या 1.41 पट भार उचलावा लागतो आणि स्टॉलचा वेग सुमारे 19 टक्क्यांनी वाढतो. 60 अंशांना भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग सुमारे 41 टक्क्यांनी वर जातो. म्हणजे सरळ उडताना ज्या वेगात विमान आरामात तरंगते, त्याच वेगात आवळलेले वळण घेतले तर ते स्टॉल होऊ शकते.

आता उतरण्याच्या फेरीत काय होते ते पाहू. वाऱ्याच्या दिशेने जाणाऱ्या टप्प्यात विमानाचा जमिनीच्या संदर्भातील वेग वाऱ्यामुळे वाढलेला असतो. खाली उभ्या असलेल्या माणसाला ते सुसाट चालल्यासारखे वाटते, म्हणून तो थ्रॉटल कमी करतो. हवेच्या संदर्भातील वेग मात्र आधीच बेताचा असतो. मग वळण घेताना विमान मैदानाच्या रेषेपलीकडे वाहवत चाललेले दिसते, म्हणून तो कल वाढवतो, आणि नाक खाली जाऊ लागले म्हणून एलिव्हेटर ओढून धरतो. कमी वेग, जास्त कल आणि ओढलेला एलिव्हेटर एकत्र आले की एक पंख आधी स्टॉल होतो आणि खाली पडतो.

पुढचा क्षण निर्णायक असतो. पडणारा पंख उचलण्यासाठी माणूस साहजिकच उलट दिशेला एलेरॉन देतो. त्यामुळे पडणाऱ्या पंखावरचा एलेरॉन खाली वाकतो आणि पंखाच्या त्या भागाचा हवेशी असलेला कोन आणखी वाढतो. जो भाग कोन जास्त झाल्यामुळेच स्टॉल झाला आहे, तो आणखी खोल स्टॉलमध्ये जातो. शिवाय खाली वाकलेल्या एलेरॉनचा विरोध वाढल्यामुळे विमानाचे नाक त्याच बाजूला ओढले जाते. डावीकडे पडणाऱ्या विमानाला उजवा एलेरॉन दिला आणि ते आणखी जोरात डावीकडे उलटले, हे ज्याने पाहिले त्याला रेडिओने दगा दिला असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात रेडिओने आज्ञा तंतोतंत पाळलेली असते. म्हणून ‘पूर्ण उलट एलेरॉन दिला तरी ऐकले नाही’ हे वाक्य सिग्नल गेल्याचा पुरावा म्हणून सांगितले जाते तेव्हा मी त्याला स्टॉलचे लक्षण मानतो.

दर वेळी तोच पंख का पडतो

अगदी सरळ व संतुलित विमान स्टॉल झाले तर नाक खाली करून पुढे झुकते. कधी डावीकडे, कधी उजवीकडे डोलते. दर वेळी एकच बाजू पडत असेल तर दोन पंखांत फरक आहे, आणि तो मोजता येतो. फोमचे पंख उन्हात किंवा बंद गाडीत तापून सहज पिळतात. बाल्साचे (हलक्या लाकडाचे) पंख कव्हरिंग, म्हणजे वरचे आवरण, असमान ताणले गेल्याने पिळतात. विमान सपाट पृष्ठभागावर स्थिर ठेवावे, दोन्ही पंखांच्या टोकांजवळ, मुळापासून सारख्याच अंतरावर, पुढच्या कडेची आणि मागच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजावी आणि प्रत्येक बाजूचा फरक काढावा. टोकाजवळ पंखाची रुंदी 150 मिलिमीटर असेल आणि एका बाजूची मागची कड दुसऱ्या बाजूपेक्षा 4 मिलिमीटर खाली असेल, तर त्या टोकाचा कोन सुमारे दीड अंशाने जास्त आहे. दीड अंश डोळ्यांना दिसत नाही. स्टॉलच्या उंबरठ्यावर मात्र तोच ठरवतो की आधी कोण पडणार. असा पीळ वेगात उडताना एलेरॉनच्या ट्रिमने (स्टिक मध्यावर असतानाची जागा सरकवणाऱ्या बारीक सेटिंगने) झाकला जातो, म्हणून विमान सरळ उडते आहे एवढ्यावरून पंख सरळ आहेत असे मानू नये. ट्रान्समीटरवर एलेरॉनचा ट्रिम मध्यापासून लक्षणीय सरकलेला असेल, तर तो बरेचदा याच पिळाची पावती असतो.

दुसरी तपासणी आडव्या तोलाची. स्पिनर (प्रॉपेलरच्या मध्यावरची टोपी) आणि शेपटीचे टोक एकेका बोटावर टेकवून विमान उचलले असता एक पंख कायम खाली जात असेल, तर तो जड आहे. मागच्या अपघातानंतर त्यात ओतलेला डिंक हे त्याचे नेहमीचे कारण. तिसरी गोष्ट मोटरची. मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरणारा प्रॉपेलर विमानाला डावीकडे लोळवू पाहतो. वळणात विमान बुडू लागले म्हणून एकदम पूर्ण थ्रॉटल दिला तर त्या मंद वेगात हा परिणाम सर्वाधिक जाणवतो, आणि डावा पंख पडण्याच्या तक्रारी जास्त का येतात याचे थोडे उत्तर इथे आहे.

गुरुत्वमध्य आणि दुरुस्तीचे ओझे

गुरुत्वमध्य मागे असलेले विमान एलिव्हेटरच्या जरा स्पर्शाने नाक उचलते आणि स्टॉलमध्ये सहज शिरते. साध्या प्रशिक्षण विमानात तो पंखाच्या पुढच्या कडेपासून सरासरी रुंदीच्या 25 ते 33 टक्क्यांच्या पट्ट्यात असावा. रुंदी 200 मिलिमीटर असेल तर 50 ते 66 मिलिमीटर. पण हा आकडा बॅटरी उड्डाणभर जागेवर राहील असे धरून सांगितलेला असतो. 1,200 ग्रॅमच्या विमानात 200 ग्रॅमची बॅटरी वेल्क्रो सैल असल्यामुळे चढताना 6 सेंटिमीटर मागे सरकली तर गुरुत्वमध्य बरोबर 1 सेंटिमीटर, म्हणजे रुंदीच्या 5 टक्के, मागे जातो. आदळल्यावर बॅटरी पुढे फेकली जाते, त्यामुळे ती आधी मागे सरकली होती याचा मागमूसही राहत नाही. पट्टा आवळून, नाक आकाशाकडे करून विमान जोराने हलवून पाहणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे.

पुन्हा पुन्हा होणाऱ्या अपघातांत मला सर्वाधिक संशय येतो तो दुरुस्तीचा. प्रत्येक अपघातानंतर शेपटीच्या दांड्यावर इपॉक्सी, पट्टी किंवा कार्बनची काडी चढते. शेपटी गुरुत्वमध्यापासून 60 सेंटिमीटर मागे आणि नाक 20 सेंटिमीटर पुढे असेल, तर शेपटीत वाढलेल्या 10 ग्रॅमला तोलण्यासाठी नाकात 30 ग्रॅम घालावे लागतात. ते घातले नाहीत तर विमान शेपटीजड होते. घातले तर एकूण वजन वाढते आणि त्याबरोबर स्टॉलचा वेगही. पहिला अपघात नवशिक्याच्या चुकीने झाला असेल, पण चौथा कदाचित पहिल्या तिघांच्या डिंकाने झालेला असतो. म्हणून दुरुस्तीनंतर विमान काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवावे, आणि खोक्यावर छापलेल्या वजनाशी नव्हे तर स्वतःच्या आधीच्या नोंदीशी ते ताडून पाहावे.

वीजपुरवठा : खरा प्रतिस्पर्धी

स्टॉलशी गल्लत होऊ शकेल असे दुसरे गंभीर कारण म्हणजे रिसीव्हरला मिळणारा व्होल्टेज क्षणभर खाली जाणे, म्हणजे ब्राउनआउट. तो उतरतानाच का घडतो यालाही सबळ कारण आहे : बॅटरी संपत आलेली असते, ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा भाग) तापलेला असतो आणि नेमक्या त्याच वेळी चारही सर्व्हो भराभर हलवले जातात. ईएससीमधला बीईसी (मुख्य बॅटरीतून रिसीव्हर आणि सर्व्होंना कमी व्होल्टेज पुरवणारा भाग) जुन्या, लिनियर प्रकारचा असेल तर तो जास्तीचा व्होल्टेज उष्णतेच्या रूपात जाळतो. पूर्ण भरलेल्या तीन सेलच्या लिपोचे 12.6 व्होल्ट 5 वर आणताना 2 अँपिअर प्रवाहाला सुमारे 15 वॉट उष्णता त्या छोट्याशा पट्टीवर निर्माण होते. तापून तो स्वतःला बंद करतो, रिसीव्हर विझतो, पुन्हा चालू होऊन ट्रान्समीटरशी जोडला जातो, आणि तेवढ्यात विमानाला जमीन गाठायला पुरेसा वेळ मिळालेला असतो. ईएससीने बॅटरी रिकामी होत आल्याचे पाहून मोटर तोडणे ही वेगळी गोष्ट आहे. तिथे मोटर थांबते, पण सर्व्हो चालत राहतात.

तपासणी जमिनीवरच होते, पण ती थंड विमानावर करून उपयोग नाही. उड्डाणानंतर लगेच, ईएससी गरम असताना, प्रॉपेलर काढून टाकावा, रिसीव्हरच्या मोकळ्या चॅनलवर व्होल्टमीटर लावावा आणि दोन्ही स्टिक मिनिटभर सर्व दिशांना वेगाने फिरवाव्यात. साधा मल्टिमीटर काही मिलिसेकंदांची घसरण पकडत नाही, म्हणून किमान आकडा धरून ठेवणारा मीटर किंवा टेलिमेट्रीची (विमानाकडून ट्रान्समीटरला परत येणाऱ्या माहितीची) नोंद वापरावी. 5 व्होल्टचा पुरवठा 4 व्होल्टच्या जवळपास येत असेल तर स्टॉलचा विचार बाजूला ठेवून आधी हे दुरुस्त करावे. पुष्कळ जण रिसीव्हरला कपॅसिटर लावून मोकळे होतात. त्याने क्षणिक घसरण भरून निघते, अपुरा बीईसी पुरेसा होत नाही. स्वतंत्र स्विचिंग बीईसी बसवणे हा खरा उपाय, आणि तो बसवताना ईएससीकडून रिसीव्हरला येणारी लाल तार आठवणीने सोडवावी.

सिग्नलची शंका उरलीच असेल तर अँटेना पाहावी. 2.4 गिगाहर्ट्झला रिसीव्हरच्या तारेचा फक्त शेवटचा 31 मिलिमीटरचा, आवरण नसलेला भाग काम करतो. तो चिरला असेल, बॅटरीखाली दबला असेल किंवा कार्बनच्या दांड्याला चिकटला असेल तर पल्ला घटतो. रेंज चेक, म्हणजे पल्ल्याची चाचणी, मोटर बंद ठेवून आणि मोटर चालू ठेवून, असा दोन्ही प्रकारे करावा. विमान कोणीतरी मागून घट्ट धरलेले असावे.

दिशाभ्रम

या कारणाबद्दल कोणी आपणहून बोलत नाही, म्हणून ते लवकर तपासले जात नाही. शेवटच्या वळणात विमान आपल्याकडे तोंड करते आणि एलेरॉन उलटे वाटू लागतात. पडलेल्या पंखाच्या बाजूला स्टिक नेऊन त्याला टेकू द्यायचा, ही जुनी युक्ती त्यासाठीच आहे. आपण कोणती स्टिक दिली हे माणसाला नंतर प्रामाणिकपणे आठवत नाही. शेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीला ट्रान्समीटरवरच्या बोटांचे चित्रीकरण करायला सांगितले तर एका उड्डाणात सोक्षमोक्ष लागतो.

उंचीवर घ्यायची चाचणी

जमिनीवरच्या तपासणीत काहीही सापडले नाही आणि पंख, तोल, वजन जागेवर आहेत, तर तोच अपघात मुद्दाम घडवून पाहावा, पण सावरायला भरपूर वाव मिळेल इतक्या उंचीवर. वाऱ्याकडे तोंड करून थ्रॉटल बंद करावा, एलिव्हेटर हळूहळू ओढत समतल उंची धरावी आणि विमान शेवटी काय करते ते पाहावे. त्यानंतर पुन्हा उंची घेऊन, कमी थ्रॉटलवर, उतरतानाचे वळण घेतो तसे आवळून वळवावे. तोच पंख त्याच पद्धतीने पडला तर रिसीव्हर बदलण्याची गरज उरत नाही. सावरताना आधी एलिव्हेटर सोडून किंचित पुढे द्यावा, रडर पडणाऱ्या पंखाच्या उलट दिशेला द्यावा, वेग आल्यावरच एलेरॉन वापरावा आणि थ्रॉटल टप्प्याटप्प्याने उघडावा.

याच चाचणीत सेटिंगही करून घेता येते. थ्रॉटल बंद असताना पूर्ण ओढलेल्या एलिव्हेटरने विमान जेमतेम स्टॉल व्हावे, एवढीच एलिव्हेटरची हालचाल ठेवावी. एक्स्पो वाढवल्याने हे साधत नाही, कारण त्याने स्टिकच्या मध्याजवळची संवेदनशीलता कमी होते, टोकाची हालचाल तेवढीच राहते. प्रत्येक पंखाला स्वतंत्र सर्व्हो असेल तर एलेरॉन खाली जितका जातो त्यापेक्षा वर जास्त जाईल असे डिफरन्शियल द्यावे. एका उड्डाणात एकच बदल करावा, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. बदलानंतर उंचीवर पंख पडणे थांबले असेल, तर उतरतानाचे वळण 30 अंशांपेक्षा कमी कलात, आधीपेक्षा रुंद घ्यावे आणि विमान मैदानाच्या रेषेत सरळ होईपर्यंत थ्रॉटल थोडा उघडा ठेवावा. रेषा हुकली तर वळण आवळू नये. पंख समतल करून, थ्रॉटल देऊन पुन्हा एक फेरी मारावी. त्यासाठी बॅटरी पुरावी म्हणून ट्रान्समीटरवरचा टायमर दीड-दोन मिनिटे आधी वाजेल असा लावावा.